हात कोणाचा, हे सापाला कळतं का?

घरात बॉल पायथन हा परदेशी साप पाळणारी माणसं एक गोष्ट हमखास सांगतात. साप त्यांच्या हातावर निवांत पसरतो, मनगटाला वेटोळं घालून बसतो; पाहुण्याने हात पुढे केला की मात्र डोकं आत ओढून घेतो. म्हणजे तो मालकाला ओळखतो! गावाकडे याच विश्वासाची दुसरी बाजू ऐकू येते. साप डूख धरतो, मारणाऱ्याला लक्षात ठेवतो आणि वर्षांनी का होईना, दारात येऊन उभा राहतो. एकाने माया गृहीत धरलेली, दुसऱ्याने वैर. सापाच्या डोक्यात माणसांची नावनिशीवार यादी असते, याबद्दल मात्र दोघांचंही एकमत.

नाशिकसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाही. द्राक्षबागा, कांद्याच्या चाळी, ऊस आणि गोदावरी-दारणेचं कालव्यांचं जाळं यांमुळे उंदरांची चंगळ आहे आणि जिथे उंदीर तिथे साप. शहर पाथर्डी, म्हसरूळ, मखमलाबाद, आडगावच्या शेतांवर सरकत गेलं तशा धामणी पार्किंगमध्ये निघू लागल्या आणि तस्कर बंगल्यांच्या माळ्यावर. त्यामुळे सापाला रोज हात लावणारी माणसं इथे आहेत. त्यातले बहुतेक सर्पमित्र. बोलावणं आलं की जाऊन साप पकडायचा आणि वनखात्याला कळवून पुन्हा निसर्गात सोडायचा. परदेशी जातीचा साप घरात बाळगणारे हौशी लोक त्यांच्या तुलनेत मोजके. सर्पमित्राला दरवेळी अनोळखी साप भेटतो, तर पाळीव सापाला अधूनमधून अनोळखी माणूस. दोन्हीकडचं अनुभवाचं गाठोडं उघडलं तर सापाच्या ‘ओळखी’बद्दल बरंच काही हाती लागतं.

सापाच्या बाजूने पाहिलं तर माणूस म्हणजे आधी एक वास. दुभंगलेली जीभ बाहेर येते, हवेतले आणि जमिनीवरचे गंधकण टिपते आणि टाळूतल्या जेकबसन अवयवापर्यंत पोचवते. जिभेची दोन टोकं दोन वेगळ्या जागचे कण उचलतात, म्हणून वास डावीकडे दाट आहे की उजवीकडे, हेही त्याला समजतं. अमेरिकेतले वर्तनशास्त्रज्ञ गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९६०च्या दशकात गार्टर सापांची नुकती जन्मलेली पिल्लं घेतली. त्यांनी आयुष्यात अजून एकदाही काही खाल्लेलं नव्हतं. त्यांच्यापुढे भक्ष्याच्या कातडीच्या अर्कात बुडवलेले कापसाचे बोळे धरले, तर पिल्लांनी जीभ लवलवत बोळ्यांवरच झडप घातली. उंदीर भरवून हात न धुता पुन्हा पिंजऱ्यात हात घालणाऱ्या मालकाला पाळीव साप का चावतो, याचं उत्तर या कापसाच्या बोळ्यांत आहे. त्या क्षणी सापापुढे मालक नसतोच, उंदीर असतो.

वासानंतर ऊब. बॉल पायथनच्या वरच्या ओठाच्या कडेला छोटे खड्डे असतात आणि त्यांना उष्णतेच्या लहरी जाणवतात. आपल्याकडच्या अजगरालाही ही देणगी आहे, सह्याद्रीतल्या चापड्यालाही. अंधारात पुढे आलेला कोमट तळवा अशा सापाला स्पष्ट कळतो. तो तळवा कोणाचा, ही पुढची गोष्ट. कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापाला असे खड्डे नसतात, त्यामुळे एकाच हाताचं चित्र त्याच्यापुढे आणि बॉल पायथनपुढे सारखं उमटत नाही.

साप बहिरा असतो ही समजूतही आता मागे पडली आहे. त्याला बाहेरचा कान आणि पडदा नाही, पण आतला कान आहे आणि एका बारीक हाडाने तो जबड्याशी जोडलेला आहे. जमिनीची थरथर जबड्यातून थेट आत जाते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॉल पायथनची श्रवणशक्ती मोजली गेली. हवेतल्या खर्जातल्या आवाजाने त्याच्या कवटीत सूक्ष्म कंप उठतो आणि तो कंप त्याला जाणवतो, असं दिसलं. ऑस्ट्रेलियात क्रिस्टिना झ्डेनेक यांनी १९ सापांना खोलीत मोकळं सोडून आवाज ऐकवले. वोमा जातीचे अजगर आवाजाच्या दिशेने सरकले, तर तायपान आणि ब्राउन स्नेक लांब गेले. २०२३च्या या प्रयोगावरून एवढं म्हणता येतं की सापांना आवाज पोचतो. त्याचं काय करायचं हे मात्र प्रत्येक जात आपापल्या परीने ठरवते. मालकाची हाक ऐकून साप येतो, असं त्यातून निघत नाही.

आता हाताकडे वळू. नवखा माणूस साप उचलताना जे जे करतो, ते जवळजवळ सगळं शिकारी प्राण्यासारखं असतं. तो वरून हात आणतो, आणि वरून येणारी सावली म्हणजे सापाच्या लेखी घार किंवा गरुड. तो बिचकत बिचकत हात पुढे करतो, मागे घेतो, पुन्हा पुढे करतो. त्यामुळे सापापुढे झपाट्याच्या हालचाली वाढतात. मग एकदाचा धीर करून मध्येच घट्ट आवळतो आणि पुढचा-मागचा भाग लोंबकळत ठेवतो. आधार नाही, वर दाब. साप अंग ताणतो, सुटायला धडपडतो, मान इंग्रजी ‘एस’सारखी मागे घेतो. हे पाहून माणूस घाबरतो, त्याचा हात कापायला लागतो आणि ती थरथर सापाच्या अंगाखाली पोचते.

सवयीचा हात बाजूने आणि खालून येतो. अंगाचा मधला भाग उचलतो, दुसऱ्या हाताने शेपटीकडचा भाग तोलतो, डोक्याच्या वाटेला जात नाही आणि पुढे जाणाऱ्या सापाला थांबवण्याऐवजी त्याच्यापुढे दुसरा तळवा ठेवतो. साप चालत राहतो आणि त्याला पकडल्याची जाणीव कमी होते. मालकाच्या हातात शांत आणि पाहुण्याच्या हातात बेचैन असलेल्या सापाचं बरंचसं कोडं इथेच सुटतं. पाहुण्याने मालकासारखा हात धरला तर पुष्कळ साप त्याच्याही हातावर तितकेच निवांत पसरतात. हे मालकांना फारसं आवडत नाही.

महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत धाडसी जाहीर परीक्षा पुण्यात झाली. जानेवारी १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे हा तरुण काचेच्या केबिनमध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास बसला. आत नाग होते, घोणशी होत्या, मण्यारच्या कुळातले साप होते. डिवचल्याशिवाय साप हल्ला करत नाही, हे लोकांना दाखवून द्यायचं म्हणून हा खटाटोप. खुर्चीत बसलेल्या खैऱ्यांच्या अंगावर साप चढायचे, ते त्यांना बाजूला करायचे. तीन दिवसांत एकही चावा झाला नाही. त्या विक्रमाची हकिगत महाराष्ट्रात घरोघरी सांगितली गेली. पुढे १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं, त्यामागेही खैरेच होते. शाळेच्या सहलीत कात्रजला जाऊन साप पाहिलेल्या दोन-तीन पिढ्या आज महाराष्ट्रात आहेत, आणि आजच्या सर्पमित्रांपैकी अनेकांना हा नाद तिथूनच लागला असेल तर नवल नाही.

त्या ७२ तासांचा अर्थ लावताना मात्र जरा सावध राहायला हवं. त्या सापांनी खैऱ्यांना मित्र म्हणून ओळखलं, असं काही घडलेलं नव्हतं. खुर्चीत संथ बसलेलं, झटापट न करणारं, उबदार शरीर त्यांच्या लेखी शिकारही नव्हतं आणि शिकारीही नव्हतं. हालचालींवरचा असा ताबा वर्षानुवर्षांच्या सरावाने येतो. केबिनमध्ये दुसरा, घाबरट माणूस बसला असता तर साप तेच राहिले असते, निकाल बदलला असता.

खैऱ्यांनी जे अंगावर घेऊन दाखवलं, ते पुढे इतरांनी खोट्या हातांनी मोजलं. अमेरिकेत व्हिट गिबन्स आणि मायकेल डॉर्कस यांनी दलदलीत राहणाऱ्या कॉटनमाउथ या विषारी सापावर प्रयोग केले. हा साप तिथे तापट म्हणून बदनाम आहे. संशोधक त्याच्या शेजारी उभे राहिले, जाड बूट घालून त्याच्यावर हलका पाय ठेवला आणि शेवटी कृत्रिम हाताने उचलून पाहिलं. २००२ साली त्यांनी निष्कर्ष छापले: बहुतेक साप पळू पाहतात किंवा तोंड उघडून धमकावतात, आणि उचललेल्या ३६ सापांपैकी फक्त १३ जणांनी त्या हाताला चावा घेतला.

ब्राझीलच्या बुटांटन संस्थेतल्या जुआँव मिगेल आल्वेस-नुनेस यांनी याहून चिकाटीचं काम केलं. जराराका जातीचे ११६ विषारी साप, पायात संरक्षक बूट, आणि सापाजवळ किंवा सापावर अलगद ठेवलेली तब्बल ४०,४८० पावलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की लहान साप मोठ्यांपेक्षा जास्त चावतात, माद्या नरांपेक्षा जास्त चावतात, आणि डोक्याजवळ स्पर्श झाला तर चावण्याची शक्यता वाढते. पाऊल त्याच माणसाचं, बूटही तोच, आणि तरी उत्तरं इतकी वेगळी. ‘हा माणूस सापांना चालतो, तो चालत नाही’ असं म्हणण्याआधी समोरचा साप केवढा, नर की मादी, आणि हात कुठे लागला, हे विचारायला हवं.

दिवस कोणता हेही विचारायला हवं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधीकधी पाच अंशांखाली उतरतो. अशा सकाळी चाळीच्या कडेला सापडलेला साप जड आणि मंद असतो. कोणीही उचलला तरी गुमान राहतो आणि बघे म्हणतात, काय हात आहे याचा! गार्टर सापांवरच्या १९९१च्या एका अभ्यासात गार सापांपेक्षा उबदार साप जास्त आक्रमक आढळले होते. तोच नाग दुपारी ऊन खाऊन तापला की उचलणाऱ्याचं कौशल्य खरोखर पणाला लागतं.

जातीचा स्वभाव हा तर वेगळाच अध्याय. नाशिकच्या परिसरात धामण पकडणारा माणूस ओरखड्यांशिवाय परत आला तर नशीबवान. लांब, चपळ, बिनविषारी, पण अंगात रग भरपूर आणि चावा झोंबरा. पाण्याकाठच्या दिवडाचा तर सर्पमित्रांमध्ये लौकिकच आहे: हात लागायच्या आत दात लागतात. त्याउलट गवत्या. हिरवागार, बिनविषारी, आणि माणसाने उचलला तरी चावायचं नाव नाही. पहिल्यांदा साप हातात घेऊन ‘मला सापांची भीती वाटत नाही’ असं सांगणाऱ्या पुष्कळांच्या हातात खरं तर गवत्याचा भिडस्तपणा असतो. मांडूळही असाच थंड. संकट आलं की डोकं गुंडाळीत लपवतो आणि बोथट शेपूट वर काढतो, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. या गरीब स्वभावाचीच किंमत तो मोजतो. गुप्तधन आणि जादूटोण्याच्या थापांपायी मांडुळांची तस्करी चालते आणि विकणाऱ्याला तो पोत्यात घालून नेणं सोपं जातं.

आपल्याकडच्या चार प्रमुख विषारी सापांतही एकासारखा दुसरा नाही. नाग आधी सांगतो: फणा काढतो, फुत्कारतो, पुष्कळदा तोंड बंद ठेवून नुसतीच धडक मारतो. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक आवाज काढते आणि चावते तेव्हा डोळ्याला दिसायच्या आत चावून मोकळी होते. फुरसं अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर असा आवाज करतं. मण्यार सर्वांत फसवी. दिवसा ती इतकी सुस्त असते की तिला बिनविषारी कवड्या समजून उचलणारे लोक निघतात. रात्री तीच मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. मण्यारीने दिवसा एखाद्याचा हात सहन केला, तर त्यात त्या हाताचं कौतुक काही नाही, घड्याळाचं आहे.

मग सापाला माणसाची सवय लागतच नाही का? लागते. अमेरिकेतल्या रॅटलस्नेकवर प्रयोग झाले आहेत. त्याच त्या निरुपद्रवी चाहुलीने पुन्हा पुन्हा छेडलं तर त्यांचं खुळखुळा वाजवणं हळूहळू कमी होत जातं. धोका नसलेल्या गोष्टीवर ताकद खर्च करायची नाही, हे शहाणपण सापाकडे आहे. पाळीव कॉर्न स्नेक पहिल्या आठवड्यात शेपूट आपटतो आणि दोन महिन्यांनी आपटत नाही, ते याच सवयीने. मात्र प्रत्येक साप सारखा निवळत नाही. हॅरल्ड हर्झॉग आणि बर्गहार्ट यांनी गार्टर सापांची पिल्लं जन्मल्यापासून वर्षभर तपासली, तर तापट पिल्लं तापटच राहिली आणि मवाळ मवाळच. शिवाय एकेका आईच्या पिल्लांचा मिळून असा एक कल दिसला. संयमी मालकाच्या घरात चिडका साप आणि आडदांड पोराच्या घरात गरीब साप, अशी जोडी जमते ती यामुळे. श्रेय किंवा दोष द्यायचाच तर काही वाटा त्या सापाच्या आईलाही द्यावा.

साप एकलकोंडा आणि मठ्ठ, ही जुनी समजूतही ढासळते आहे. कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठात मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर यांनी तरुण गार्टर सापांच्या गटांवर कॅमेऱ्याने नजर ठेवली. काही साप धीट निघाले, काही बुजरे. त्यांच्या जागा मुद्दाम बदलल्या तरी ते पुन्हा ठरावीक सोबत्यांजवळ जाऊन बसत. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. याच गटाने पुढे सापांना स्वतःचा वास ओळखता येतो का, हे पाहिलं. कापसावर त्या सापाचाच वास घ्यायचा, त्यात ऑलिव्ह तेल मिसळायचं आणि त्याच्यापुढे ठेवायचं. गार्टर सापांनी या ‘आपल्याच, पण बिघडलेल्या’ वासाकडे जास्त वेळ जीभ लवलवली; बॉल पायथननी तसा काही फरक केला नाही. २०२४चा हा निकाल बॉल पायथनच्या मालकांना जरा खट्टू करणारा आहे.

डेव्हिड होल्ट्झमन यांनी १९९९ मध्ये कॉर्न स्नेकच्या पिल्लांना मोकळ्या रिंगणातून बाहेर पडायचं बीळ शोधायला लावलं, तेव्हा ती खुणांच्या आधारे रस्ता शिकली. म्हणजे साप जागा लक्षात ठेवतो, वास ओळखतो, धोका नसलेल्या चाहुलीला सरावतो. रोज एकाच वासाचा, एकाच ढंगाने येणारा हात त्याला परिचित होणं या सगळ्यात सहज बसतं. परिचय म्हणजे जिव्हाळा, असं धरलं की पाय घसरतो. कुत्र्यासारखं माणसाजवळ येऊन बसण्याची ओढ सापाने दाखवल्याचं सिद्ध झालेलं नाही. गळ्यात वेटोळं घालून बसलेला अजगर बहुधा उबेला आलेला असतो. आणि डूख? ती धरायची तर सापाला त्या माणसाचा माग काढत गावभर फिरावं लागेल. त्यात त्याचा काही फायदा नाही. मारलेल्या सापाच्या जागी दुसरा साप येतो, कारण तिथले उंदीर तसेच असतात.

पाळण्याचा विषय निघाला की कायद्याकडे डोळेझाक करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार भारतातला कुठलाही रानटी साप घरात ठेवता येत नाही, मग तो बिनविषारी गवत्या का असेना. नाग आणि अजगर पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. ‘आमच्याकडे पिल्लापासून आहे, फार माणसाळलाय’ हा बचाव तिथे चालत नाही. बॉल पायथनसारख्या परदेशी जाती आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत येतात. २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनंतर त्यांची ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बाजारात येणारा प्रत्येक साप सरळ मार्गाने आलेला नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईला उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांतून नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक निघाले. असा दाबून-कोंबून आणलेला साप नव्या घरात कोणाच्याच हातात नीट राहत नाही, आणि मालक बिचारा आपला हात वाईट समजत बसतो.

नोंदणी केलेला, रीतसर साप असेल तर त्याला हाताळण्याची शिस्त फार अवघड नाही. नवा साप आला की पहिला आठवडाभर त्याला हात लावू नये. खाल्ल्यावर दोन दिवस उचलू नये, नाहीतर तो भक्ष्य ओकून टाकतो. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, दिसणं कमी होतं आणि भिडस्त सापही फटकारतो. त्या दिवसांत घरच्यांनाही तो अनोळखी असल्यासारखा वागतो. पिंजरा उघडल्यावर काही जाणकार आधी हुकने किंवा कागदाच्या गुंडाळीने सापाच्या अंगाला हलकेच शिवतात. आता जेवण नाही, उचलणं आहे, असा तो इशारा. महिन्या-दोन महिन्यांत सापाला त्याचा अर्थ कळू लागतो. पाहुण्यांना द्यायचा तर एकाच वेळी एकाच माणसाच्या हाती, बसलेल्या माणसाच्या हाती, आणि थोडाच वेळ. आधी हात धुवायचे ते सापासाठी, नंतर धुवायचे ते आपल्यासाठी, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना त्यापासून लांब ठेवलेलं बरं.

हाताच्या सवयीची महाराष्ट्रातली सर्वांत प्रसिद्ध परंपरा सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची. नागपंचमीआधी गावकरी शिवारातले जिवंत नाग पकडत, मडक्यात ठेवत, पूजा आणि मिरवणूक करून पुन्हा सोडून देत. ‘आमचे नाग चावत नाहीत’ ही तिथली श्रद्धा. जाणकार त्याकडे पाहतात तेव्हा त्यांना दोन गोष्टी दिसतात: पिढ्यान्‌पिढ्या नाग धरलेले, न बिचकणारे हात, आणि चावण्याआधी धमकावणारा नागाचा स्वभाव. घोणशीची अशी मिरवणूक काढल्याचं ऐकिवात नाही, यात बरंच काही आलं. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नाग मिरवणं थांबलं. २०२५च्या नागपंचमीला केंद्र सरकारने २१ जणांना केवळ शैक्षणिक कामासाठी नाग पकडण्याची परवानगी दिली, तेव्हा गावात आनंद झाला आणि वन्यजीवप्रेमींमध्ये वाद.

पुंगीवाल्याच्या नागाची गोष्ट याहून कडवट. तो गारुड्याच्या हातात शांत दिसतो, कारण बहुधा त्याचे दात काढलेले असतात, कधी तोंडही शिवलेलं असतं. पुंगीच्या सुरापेक्षा तिच्या हलण्याकडे तो पाहत असतो. उपाशी, तहानेने सुकलेला साप वाटीतलं दूधही पितो, आणि लोक हात जोडतात.

तमिळनाडूतल्या इरुला जमातीच्या सहकारी संस्थेत वेगळाच नमुना पाहायला मिळतो. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये ही संस्था सुरू झाली. इथे पकडलेला विषारी साप तीन-चार आठवडे ठेवतात, आठवड्याला एकदा विष काढतात आणि सोडून देतात. सापाबरोबर वाढलेली, कमालीची हलकी पकड असलेली ही माणसं. तरीही त्या आठवड्यांत नाग त्यांना ‘ओळखू’ लागेल असा भरवसा ती कधी ठेवत नाहीत. दरवेळी हात तितक्याच काळजीने पुढे जातो.

हा भरवसा न ठेवणं आपल्याकडच्या काही सर्पमित्रांना जड जातं. २०१८ मध्ये नवी मुंबईत नागाचं चुंबन घेताना एका सर्पमित्राचा जीव गेला. जानेवारी २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात सिन्नरला एका तरुण सर्पमित्राच्या बाबतीत हेच घडलं. शेकडो साप हाताळल्यावर माणसाला वाटू लागतं की सापांना आपण कळतो. खरं तर सरावलेला असतो तो माणूस. हातातला नाग आजच पकडलेला असतो आणि त्याच्यासाठी हा पहिलाच माणूस. त्यात ओठ समोर आणायचे म्हणजे नागाच्या तोंडापुढे उबदार, हलणारा, श्वास सोडणारा चेहरा. एवढी चिथावणी डोक्यावर हात ठेवूनही होत नाही.

बुलढाणा जिल्ह्यातल्या वनिता बोराडे यांनी वर्षानुवर्षं साप पकडून सोडण्याचं काम केलं आणि २०२२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार घेतला. अशा कामाला आता सरकारदरबारी जागा मिळू लागली आहे. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि १० लाखांचं अपघात विमा संरक्षण देण्याचं जाहीर केलं. ओळखपत्राबरोबर प्रशिक्षणही यायला हवं, आणि त्या प्रशिक्षणात हात लांब ठेवायला शिकवणं सर्वांत आधी. जाणते सर्पमित्र हल्ली पाइप आणि पिशवी वापरतात. काळ्या कापडी पिशवीच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा बांधायचा, पिशवी जमिनीवर पसरायची आणि हुकने सापाला त्या दिशेला वळवायचं. अंधारं भोक दिसलं की लपायला जागा शोधणारा साप आपणहून आत शिरतो. मान पकडायची नाही, शेपटी ओढायची नाही. साप कोणत्या जातीचा, कोणत्या स्वभावाचा, सकाळचा की दुपारचा, याचा फार विचारही करावा लागत नाही.

अडचण एवढीच की पिशवीत गेलेला साप कोणाला दिसत नाही. भोवती मोबाइल उघडून उभी असलेली गर्दी हिरमुसते आणि मागून कोणीतरी म्हणतंच, “दादा, जरा बाहेर काढून दाखवा ना!”